क्लास २ ची रेडिमेड स्टॉकिंग: सुजलेल्या पायाला किती उपयोगी

म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठल्याही फार्मसीत पायाला सूज आहे म्हटलं की क्रेप बँडेज नाहीतर गोल विणीची, बिनशिवणीची स्टॉकिंग पुढे येते. लिम्फेडेमाला, म्हणजे लसिका (ऊतींतून परत वाहणारा पाण्यासारखा द्रव) तुंबून येणाऱ्या सुजेला, क्रेप बँडेज जवळजवळ निरुपयोगी. ते फार ताणतं, त्यामुळे चालताना पोटरी फुगली की तेही फुगतं आणि लसिकेला हवा तो दाब मिळतच नाही.

स्टॉकिंग चांगली, पण सूज बोटाने दाबल्यावर खळगा पडतो तोवरच. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत येत नसेल किंवा घोट्यावर वळ्या पडल्या असतील तर गोल वीण वळीत गुंडाळते आणि कातडीत रुतते. तिथे सपाट विणीची, मागे शिवण असलेली, मापावर केलेलीच घ्यावी.

पाकिटावर दाबाची श्रेणी सांगणारं ‘क्लास २’ एवढंच बघू नका. जर्मन मानकात त्याचा दाब घोट्याशी २३ ते ३२ मिमी पारा, ब्रिटिश मानकात १८ ते २४. माप सकाळी अंथरुणातून उठल्याउठल्या घ्या: घोट्याच्या हाडाच्या थोडा वरचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर आणि गुडघ्याखालपर्यंतची लांबी. दुकानदार संध्याकाळी सुजल्या पायाचं माप घेतो, मग एक साइज मोठी येते आणि दाब पडतो कमी. चढवताना टाचेपर्यंत उलटी करून घ्या, रबरी हातमोजे घाला, वरची पट्टी धरून ओढू नका. खोबरेल रात्रीच लावा, तेलाने इलॅस्टिक मरतं.

पावसाळ्यात आपल्याकडे धुतलेली रात्रीत वाळत नाही. म्हणून दोन जोड लागतातच. टॉवेलात गुंडाळून दाबा, पिळू नका, पंख्याखाली वाळवा. दमट घातली की बोटांच्या बेचक्यात बुरशी, तिच्या चिरेतून जंतू आत, आणि मग लालभडक सेल्युलायटिस (कातडीखालचा जंतुसंसर्ग). साधारण सहा महिन्यांत ताण जातो.

खरेदीआधी गोळ्यांची पाकिटं काढून बघा. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने (ते पेशींत शिरणारं कॅल्शियम अडवतं) घोटे सुजतात, मुख्यतः बारीक रोहिण्या सैलावून पाणी ऊतींत झिरपतं म्हणून. लसिकावाहिन्याही कॅल्शियमच्याच जोरावर आकुंचन पावतात. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१४ मध्ये त्याच गटातलं निफेडिपिन माणसाच्या वाहिनीवर प्रयोगशाळेत वापरलं तेव्हा आकुंचन मंदावलं, निरोगी माणसाच्या पायात मात्र फरक दिसला नाही. म्हणजे सगळा दोष लसिकेवर टाकता येत नाही. प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्याचं), पायोग्लिटाझोन (मधुमेहाचं), डोसिटॅक्सेल (कर्करोगाचं) या औषधांनीही सूज येते. अवयवरोपणानंतर देतात त्या सिरोलिमसने तर खरा लिम्फेडेमाही झाल्याच्या नोंदी आहेत. गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारून बदलावी. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी लिम्फेडेमा हटत नाही. पाणी जातं, प्रथिनं तिथेच राहतात.

एकच पाय अचानक सुजून दुखत असेल तर स्टॉकिंग नको, आधी डॉपलर, म्हणजे शिरेत गुठळी आहे का ते बघणारी सोनोग्राफी. मधुमेह्यांनी किंवा चालताना पोटरी भरून येणाऱ्यांनी घोट्याचा रक्तदाब दंडाच्या दाबाशी ताडून घ्यावा. तो निम्म्याहून कमी भरला तर ही वस्तू घेऊच नये.