धंतोलीतली फील्ड टेस्ट : सात वेळा जाऊन आल्यावर

मी नागपूरच्या महाल भागात ब्लाउज शिवते. वय ६१. उजव्या डोळ्याचा काचबिंदू बराच पुढे गेलेला आहे, डावा त्या मानानं बरा. धंतोलीतल्या या सेंटरमध्ये २०२३ च्या मार्चपासून दर चार महिन्यांनी फील्ड टेस्टला, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं कुठपर्यंत आणि किती दिसतं ते तपासायला जाते. नाव इथे लिहीत नाही, पण असं सेंटर शोधताना काय बघायचं ते कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

त्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी टेस्ट केली होती. तिथल्या मुलानं मशीनसमोर बसवलं, हातात बटण दिलं आणि "दिवा दिसला की दाबा" म्हणून तो बाहेर निघून गेला. रिपोर्टवर उजव्या डोळ्याचा आकडा आला उणे २४. आदल्या वर्षी तो उणे १८ होता. हा आकडा शून्याच्या जितका खाली, तितकी नजर कमी झालेली. उणे १२ च्या खाली गेला की काचबिंदू पुढच्या टप्प्यातला धरतात. एका वर्षात सहानं खाली! लग्नसराईचे अकरा ब्लाउज हातात होते. दोन रात्री झोप नाही. आता सुई ओवणं किती दिवस जमेल, एवढंच डोक्यात.

डॉक्टरांनी तो कागद हातात घेतला, पण आकड्याकडे आधी बघितलं नाही. टेस्टच्या वेळी चष्म्याचा कोणता नंबर लावला हे कागदावर छापलेलं असतं, ती जागा त्यांनी बघितली. रिकामी होती. मशीनच्या आतला पांढरा घुमट डोळ्यापासून जेमतेम ३० सेंटिमीटरवर असतो. माझ्या वयाला जवळचा नंबर लावल्याशिवाय तिथला बारीक दिवा धुरकटच दिसणार. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनचं आत्ता बोलायचंच नाही. आधी टेस्ट नीट करून आणा." त्यांनी इकडे पाठवलं. इथे आकडा आला उणे १८.७.

इथे टेस्ट घेणारी मुलगी पंचविशीतली असेल. ती आधी चष्म्याचा कागद मागते, त्यावरून भिंग लावते, दुसऱ्या डोळ्यावर पट्टी बांधते. माझी उजवी पापणी थोडी खाली आलेली आहे, ती वरच्या नजरेला आड येते म्हणून पहिल्याच दिवशी तिनं ती चिकटपट्टीनं वर धरली. त्याआधी कुणाच्या हे लक्षातही आलं नव्हतं. स्टूल वरखाली करून मान अवघडत नाही ना ते बघते. मग सांगते, "काकू, दिवा नाही दिसून राहिला तरी घाबरू नका. चांगल्या डोळ्यालाही अर्धे दिवे दिसत नाही, मशीनच तसं आहे." आणि ते खरंच तसं आहे. दिवा दिसला की मशीन त्याच जागी तो आणखी मंद करतं, कुठपर्यंत दिसतो ते शोधत जातं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर प्रत्येक टेस्टनंतर मी रडत घरी गेले नसते. थकवा आला तर बटण दाबून धरायचं, मशीन थांबतं. हेसुद्धा तिनंच शिकवलं. पूर्ण वेळ ती शेजारी बसून असते. नजर मधल्या खुणेवरून ढळली की हळूच म्हणते, "समोर, काकू."

आता टेस्टबद्दल. नेहमीच्या फील्ड टेस्टमध्ये ५४ जागा तपासतात, पण त्या सहा-सहा अंशांवर असतात. नजरेच्या मधल्या दहा अंशांत त्यातल्या फक्त १२ येतात. माझ्या उजव्या डोळ्याचं आता मधलंच उरलंय, बाजूचं गेलं. म्हणून डॉक्टर दहा-दोन नावाची टेस्ट लिहून देतात. तिच्यात तेवढ्याच मधल्या भागात ६८ जागा, दोन-दोन अंशांवर. शिवणकाम करणाऱ्यांना एका शब्दात कळेल : पहिली म्हणजे धावदोरा, दुसरी म्हणजे तुरपाई. कापड कुठे उसवायला लागलंय ते तुरपाईतच दिसतं. तुमचा आजार पुढच्या टप्प्यात असेल आणि दर वेळी फक्त नेहमीचीच टेस्ट होत असेल, तर डॉक्टरांना दहा-दोनबद्दल नक्की विचारा.

मी ओसीटीचंही विचारलं होतं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या नसेच्या थराची जाडी मोजणारा फोटो. तो तर पटकन निघतो, बटण दाबायचा त्रास नाही. डॉक्टरांनी समजावलं की माझ्या नसेचा थर आता ५२ मायक्रॉनवर आलाय. त्याच्या फारसं खाली आकडा जातच नाही, कारण नस मेली तरी आधार देणारा भाग आणि रक्तवाहिन्या उरतात, मशीन त्यांची जाडी मोजत राहतं. म्हणजे नजर कमी होत असली तरी ओसीटी "जैसे थे" सांगणार. डाव्या डोळ्याला ओसीटी अजून उपयोगी आहे, उजव्याला नाही. दहा-दोनमध्येही सगळं काळं यायला लागलं तर मोठ्या आकाराच्या दिव्यानं टेस्ट करता येते म्हणे. ती वेळ अजून आलेली नाही.

काळं म्हटलं म्हणून सांगते. रिपोर्टवर काळे डाग छापतात, पण मला काळं काहीच दिसत नाही. तिथे वस्तूच नसते. कापडावर पडलेली टाचणी मान हलवेपर्यंत नसतेच, आणि मग एकदम असते. घरच्यांना हे पटत नाही. या मुलीला सांगायला लागलं नाही.

सात टेस्टमध्ये उजव्या डोळ्याचे आकडे उणे १८.७, १९.४, १८.३, १९.०, १९.६, १८.९ आणि १९.१ असे आले. दुसऱ्या वेळी १९.४ बघून माझ्या पोटात गोळा आला होता. पण जिथे नजर आधीच अधू झालीय तिथे आकडा दर वेळी थोडा हलतोच. म्हणून एका टेस्टवरून काही ठरवत नाहीत, पुन्हा करून बघतात, सगळ्या ओळीनं लावून बघतात. ते जमायला टेस्ट दर वेळी सारखीच व्हावी लागते : तेच मशीन, तोच नंबर, शक्यतो तीच वेळ. मी नेहमी सकाळी दहाची वेळ घेते, जेवणानंतर मला पेंग येते. डॉक्टरांकडे मोजलेलं डोळ्यातलं प्रेशर गेलं वर्षभर ११ ते १३ मध्ये आहे. ते दिवसभरात वरखाली होतं, म्हणून मी वहीत तारखेपुढे वेळही लिहिते.

दोन्ही डोळ्यांचे मिळून १२०० रुपये घेतात. ओळ लागली तर तासभर बसावं लागतं. रिपोर्ट इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत असतो की जिच्या डोळ्यांचा आहे तिलाच वाचता येत नाही. भाचा वाचून दाखवतो.

खरी तक्रार एकच आहे. दाराशी दोन पायऱ्या आहेत, करड्या फरशीला करड्याच. माझ्यासारख्यांना खालच्या बाजूचं दिसत नाही, आणि इथे येणारे निम्मे लोक माझ्यासारखेच. नोव्हेंबरात माझ्यासमोर एक आजोबा तिथे गुडघ्यावर पडले. पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी लावा, असं मी काउंटरवर त्याच दिवशी सांगितलं आणि मार्चमध्ये पुन्हा सांगितलं. "हो काकू, लावतो" म्हणाले. जुलैत माझी पुढची टेस्ट आहे, तेव्हा पट्टी लागली की नाही ते इथेच लिहीन.