एफ१२ : फुकटातला मास्तर, पण स्वभाव ओळखून घ्या

हा रिव्ह्यू ब्राउझरमधल्या डेव्हटूल्सचा, म्हणजे वेब पेज आतून उघडून बघायच्या साधनांचा. आधीच सांगून टाकतो, मी कॉमर्सवाला. कॉम्प्युटरची डिग्री नाही, पहिली नोकरी अकाउंट्सची, दिवसभर एक्सेल. ऑफिसच्या साइटवरचा एक तक्ता प्रिंट काढताना उजवीकडून कापला जायचा आणि साइट सांभाळणारा माणूस काही केल्या फोन उचलेना, मग कुणीतरी म्हणालं राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करून बघ, केलं, तर बाजूला हा एवढा पसारा उघडला आणि त्यात टेबलची विड्थ १२०० पिक्सेल लिहिलेली दिसली. मी १२०० खोडून ७०० टाकले आणि तक्ता डोळ्यांसमोर आक्रसला. पहिल्यांदा तर घामच फुटला, वाटलं सगळ्यांचीच साइट बिघडवली आपण! रिफ्रेश केलं तर परत जैसे थे. आज वेब डेव्हलपर म्हणून पोट भरतोय त्याची सुरुवात ही अशी, म्हणून ब्राउझरमधल्या डेव्हटूल्सचा रिव्ह्यू लिहायचा मला हक्क आहे असं मी समजतो.

आत्ता एफ१२ दाबलं की उघडतं, पण आधीच्या लोकांना हे आयतं नव्हतं. फायरफॉक्समध्ये फायरबग नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकावं लागायचं, जो ह्यूइट नावाच्या प्रोग्रामरने २००६ मध्ये आणलेलं. नंतर ब्राउझरमध्येच सगळी सोय आली आणि २०१७ ला फायरबगने रजा घेतली.

शिकायला सगळ्यात भारी म्हणजे स्टाइल्सचा पॅनल, पेजचे रंग-आकार ठरवणारे नियम तिथे दिसतात. मी मध्ये एक क्लासही लावला होता, तिथे टॅग, म्हणजे पेज ज्यांनी बनतं त्या खुणा, पाठ करून घ्यायचे, डोक्यात काही राहिलं नाही. इथे मात्र आपण लिहिलेला रंग का लागत नाही ते दिसतं, आपली ओळ खोडलेली असते आणि वर दुसरा कुठला तरी नियम जिंकून बसलेला असतो. पेजवरच्या भागांना कोडमध्ये क्लास आणि आयडी अशी नावं देतात, त्यात क्लासपेक्षा आयडीच्या नियमाचं वजन जास्त हे मला त्या खोडलेल्या ओळींनी शिकवलं. तसंच मार्जिनचं, म्हणजे पॅराबाहेर सोडलेल्या जागेचं. वरच्या पॅराला खाली ३० पिक्सेल, खालच्याला वर २०, मी आपला ५० धरून बसलोय आणि मधे अंतर फक्त ३०! दोन्हींवर माउस नेला तेव्हा कळलं की दोन मार्जिन एकमेकांत मिसळतात आणि मोठं तेवढं उरतं. अकाउंट्सवाल्याला २० अधिक ३० बरोबर ३० पचवायला वेळ लागतो राव.

नोकरीही यानेच दिली म्हणा. इंटरव्ह्यूत एक बिघडलेलं पेज दिलं होतं, मी कोड न वाचता सरळ इन्स्पेक्ट उघडलं, एका प्रॉपर्टीशेजारी पिवळा त्रिकोण, तिच्याच ओळीच्या शेवटचा सेमिकोलन गायब. दोन मिनिटांचं काम.

पेज उघडताना काय काय डाउनलोड होतं ते दाखवणारा नेटवर्क टॅब नवीन माणूस उघडतच नाही, उघडा. २०० पिक्सेलच्या चौकटीत दाखवायला कुणीतरी ४ एमबीचा फोटो चढवलाय हे तिथेच सापडतं, आणि नेटचा स्पीड मुद्दाम कमी करून बघायचीही सोय आहे.

आता खटकणाऱ्या गोष्टी. इथे केलेले बदल आपोआप सेव्ह होत नाहीत, मी एकदा दोन तास बसून एक मेन्यू मस्त जमवला आणि सवयीने रिफ्रेश मारलं, संपलं. चूक माझीच, पण हात सरावेपर्यंत ती होते, त्यामुळे जमलेली ओळ लगेच फाइलमध्ये कॉपी करा. दुसरं म्हणजे हे ब्राउझरमध्ये शेवटी काय तयार झालं ते दाखवतं, लिहिणाऱ्याने तसं का लिहिलं ते नाही. फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे तयार कोडच्या सांगाड्यावर, बनवलेली साइट उघडलीत तर क्लासची नावं बऱ्याचदा अशी अगम्य असतात की त्यातून शिकणं सोडाच, वाचवतही नाहीत. जावास्क्रिप्ट, म्हणजे पेज हलतं-बोलतं करणारी भाषा, नीट शिकायची तर वेगळं बसावंच लागतं, निव्वळ कन्सोलवर, म्हणजे कोडच्या ओळी टाकून बघायच्या टॅबवर, खेळून मी सहा महिने वाया घालवलेत.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो पेज फोनवर कसं दिसेल ते दाखवणाऱ्या मोबाइल मोडसाठी, म्हणजे तो वाईट नाही, पण त्यात स्क्रीनचा आकार, टच वगैरेची नक्कल होते, खरा फोन येत नाही. माझ्या पहिल्या कामात उंची १०० व्हीएच, म्हणजे पूर्ण स्क्रीनभर, दिली होती, माझ्याकडे सगळं फिट्ट, आणि खऱ्या फोनवर ॲड्रेस बारने जागा खाल्ली नि खालचं "पाठवा" बटण स्क्रीनबाहेर. लोक फॉर्म भरून बटण शोधत बसले. तेव्हापासून एक जुना फोन टेबलावर कायम चार्जिंगला असतो.