ओपन बुक परीक्षेसाठी दोन रिंगांची फाइल: वहीपेक्षा बरी, पण रिंग तपासून घ्या

सीबीएसईने २०२६-२७ पासून नववीला ओपन बुक मूल्यमापन, म्हणजे पुस्तक समोर ठेवून द्यायची परीक्षा, मंजूर केल्यावर सारांशवही कशात करायची हा प्रश्न आलाच. शिवलेली दोनशे पानी वही, स्पायरल आणि दोन रिंगांची ए-फोर फाइल या तिघांत आमचं मत फाइलला.

कारण साधं आहे. धडे शिकवतात एका क्रमाने, प्रश्न येतात भलत्याच क्रमाने. शिवलेल्या वहीत मागाहून पान घालता येत नाही. चिठ्ठ्या चिकटवत गेलं की वही फुगते आणि मिटेनाशी होते. स्पायरलमधून पान फाडता येतं, परत बसवता येत नाही. फाइलमध्ये ‘गती’चं पान उचलून ‘कार्य आणि ऊर्जा’शेजारी ठेवा, काम झालं.

फाइल घेताना रिंग ‘डी’ आकाराची, २५ मिलिमीटरची बघा. एका विषयाला ४० ते ५० कागद पुष्कळ. त्याहून जास्त झाले तर तो सारांश नव्हे, पुस्तकाची नक्कल. दुकानातच रिंग मिटून उजेडासमोर धरा. दोन टोकांत फट दिसली तर ती फाइल ठेवून द्या, त्याच फटीतून कागद निसटतात. फुलस्केप कागद घेऊ नका, ते ए-फोरपेक्षा लांब असल्याने खालून बाहेर येतात आणि दुमडतात. कागद ८० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम) हवा. ७० चालतो, पण जेल पेनची शाई मागे उमटते.

सगळ्यात जास्त त्रास भोकांचा. महिनाभर उलटून-पालटून ती फाटतातच. डाव्या कडेवर दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावा आणि मग पंच करा. आधी भोक आणि मग टेप केलं तर भोक बुजतं. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशव्या मात्र टाळा. त्या ए-फोरपेक्षा रुंद असतात, त्यामुळे डिव्हायडरची (विभाग वेगळे करणाऱ्या जाड पानाची) बाहेर डोकावणारी जीभ आत लपते, आणि ऐनवेळी एक ओळ लिहायची तर कागद बाहेर काढावा लागतो.

पान कसं असावं? ‘गती’चं घ्या. वर उजव्या कोपऱ्यात ठळक नाव. डावीकडे तिन्ही समीकरणं आणि एककं. उजवीकडे ‘कधी वापरायचं नाही’: त्वरण एकसमान नसेल तर. त्याखाली एकच सोडवलेलं उदाहरण: ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, ५ ने गुणून १८ ने भागायचं. तळाला पुस्तकातलं पान आणि मथळा, दोन्ही. आवृत्ती बदलली की नुसते पानक्रमांक दगा देतात. व्याख्या उतरवून काढू नका, पुस्तक समोर असतंच.

कुठला शब्द कोणत्या पानावर याची सूची सगळ्यात शेवटी करा, अ पासून ज्ञ पर्यंत. धड्यांची अनुक्रमणिका इथे कामाची नाही. मग कोणालातरी वीस शब्द विचारायला सांगा. एखादं पान ३० सेकंदांत सापडलं नाही तर सूचीत त्याला दुसरं नाव जोडा. पानांना खुणेसाठी लावायच्या प्लॅस्टिकच्या चिकटपट्ट्यांवर जेल पेन पुसलं जातं, त्यावर मार्करने लिहा.

फाइलची एक मोठी अडचण उरतेच: सुटे कागद वर्गात चालतील का? काही ठिकाणी फक्त बांधलेली वही आत नेऊ देतात, तेव्हा आधी शाळेत विचारा. नाही म्हणाले तर तयारी फाइलमध्येच करा आणि क्रम पक्का झाल्यावर झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल बांधून घ्या. डाव्या कडेला भोकांसह दोन सेंटिमीटर जागा कोरी सोडलेली असेल तरच अक्षरं कापली जाणार नाहीत.