सायकल क्लबसाठी वेबसाइट की व्हॉट्सअॅप ग्रुप?

ठाण्यात राइड ठरवायला व्हॉट्सअॅपइतकं सोपं काहीच नाही, रात्री दहाला कोणीतरी टाकतं "उद्या येऊर, साडेपाचला उपवन तलाव" आणि सकाळी आठ-दहा जण हजर. पाऊस आला, कोणाचं पंक्चर झालं, गायमुखला ट्रॅफिक तुंबलंय, हे सगळं तिथेच कळायला पाहिजे, वेबसाइट कोण बघणार त्यावेळी!

पण नवीन माणसाचं काय? त्याला आधी ग्रुपची लिंक मिळायला हवी, मग राइड कुठून सुटते, स्पीड किती, चढ झेपेल का, हे शोधायला शेकडो गुड मॉर्निंग उपसायचे. परवा एका ताईंनी विचारलं, गिअर नसलेली सायकल चालेल का, आणि उत्तर यायच्या आत मेसेज वर निघून गेला, मला खरंच वाईट वाटलं. अशा लोकांसाठी साधी दोन-तीन पानांची वेबसाइट हवीच. प्रत्येक रूटचं अंतर, चढ, पाण्याची जागा आणि जीपीएक्स फाइल, म्हणजे मोबाइलवर किंवा सायकल कॉम्प्युटरवर रस्ता थेट उघडतो. पाम बीच रोड सपाट आहे, येऊरला दम लागतो, हे आधीच कळलेलं बरं. बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची, माहितीही तिथेच, 200 किमीला साडेतेरा तास मिळतात हे कितीदा टाइप करायचं?

फक्त तारखा जुन्या ठेवू नका, मागच्या वर्षीची राइड "येत्या रविवारी" म्हणून दिसली की माणूस परत येत नाही. माझं मत वेबसाइटला, ग्रुप आदल्या रात्रीपुरता.