सीटखालचा सबवूफर की डिकीतला बॉक्स? हॅचबॅकमध्ये बेस हवा असेल तर

स्विफ्ट, बलेनो, आय20, टियागो यांसारख्या गाडीत बेस वाढवायचा म्हटलं की दुकानदार दोनच गोष्टी पुढे करतो. पहिली म्हणजे सीटखाली बसणारा चपटा सबवूफर, ज्याचा अॅम्प (आवाजाला ताकद देणारा अॅम्प्लिफायर) आतच असतो. दुसरी म्हणजे डिकीत ठेवायचा 10 किंवा 12 इंची वूफरचा बॉक्स आणि त्याला वेगळा अॅम्प. दोन्हींच्या किमतीत आणि जागेत बराच फरक आहे. पण त्यातला एक निवडण्याआधी पुढची दोन दारं नीट करून घ्या.

कारण साधं आहे. सबवूफर वाजवतो तो 80 हर्ट्झच्या खालचा भाग. ढोलकीची थाप आणि डग्ग्याचा घुमारा बराचसा त्याच्या वर, 150 हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो आणि तो दारातल्या स्पीकरमधूनच यायला हवा. दाराचा पत्रा थरथरत असेल तर खाली कितीही मोठा वूफर लावा, आवाज पोकळच राहतो.

दारासाठी 2 मिमी जाडीचं, वर अॅल्युमिनियमचा थर असलेलं ब्यूटाइल (पत्र्याची थरथर शोषणारं रबरी) शीट घ्या. डांबरी शीट स्वस्त मिळतं, पण उन्हात तापलेल्या दारात ते मऊ पडतं, वास मारतं आणि कधी सुटून काचेच्या यंत्रणेत अडकतं. आधी बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला स्पीकरच्या मागे शीट लावायचं, मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायची. दोन दारांना साधारण दीड ते दोन चौरस मीटर शीट लागतं. लावण्याआधी पत्रा स्पिरिटने पुसून घ्या, नाहीतर धुळीवर चिकटलेलं शीट पहिल्या उन्हाळ्यातच सुटतं. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती बुजवू नका. कोकणात किंवा मुंबईत एका पावसाळ्यात दार आतून गंजायला तेवढंच पुरतं. स्पीकरखालची रिंग एमडीएफची (दाबून केलेल्या लाकडी भुशाची) असेल तर ती पाणी पिऊन फुगते, म्हणून प्लॅस्टिकची रिंग बरी.

स्पीकर बदलणार असाल तर बॉक्सवरच्या ‘मॅक्स वॉट’कडे बघू नका. कंपनीच्या स्टिरिओवर 4×50 वॉट छापलेलं असलं तरी 4 ओहमच्या स्पीकरला सलग 18 ते 20 वॉटच मिळतात. इतक्या ताकदीवर संवेदनशीलतेला, म्हणजे तेवढ्याच वॉटवर स्पीकर किती मोठा वाजतो याला, महत्त्व येतं. 88 डेसिबलच्या स्पीकरला 91 डेसिबलवाल्याइतका आवाज काढायला दुप्पट वॉट लागतात. वेगळा अॅम्प लावायचा नसेल तर 90 डेसिबलच्या पुढचा स्पीकर शोधा. काच पूर्ण खाली केल्यावर स्पीकरचं चुंबक तिला लागत नाही ना, हे दाराचं पॅड बसवण्याआधीच तपासून घ्या.

आता मूळ प्रश्नाकडे.

सीटखालच्या सबवूफरची उंची 7 ते 8 सेंटीमीटर असते. त्यात बहुधा 8 इंची कोन (आवाज काढणारा शंकूसारखा पडदा) आणि कास्ट अॅल्युमिनियमचा डबा असतो. यातही वॉटचा घोळ आहेच. सोनीचा एक्सएस-एडब्ल्यू8 ‘160 वॉट’ म्हणून विकला जातो, पण त्याची सलग ताकद 75 वॉट आहे. जेबीएलच्या बेसप्रो एसएलची 125 वॉट आहे. दोन मॉडेल ताडून पाहताना नेहमी आरएमएसचा, म्हणजे सलग ताकदीचा आकडाच धरा. एवढ्या छोट्या डब्यातून साधारण 40 हर्ट्झपर्यंत आवाज बरा येतो, त्याखाली तो विरत जातो. लावणी, भजन, गझल, जुनी चित्रपटगीतं ऐकणाऱ्याला त्याहून जास्त लागतच नाही. बास गिटारची सर्वांत खालची तारही 41 हर्ट्झवर आहे. इलेक्ट्रॉनिक संगीतातला 30-35 हर्ट्झचा दणका, जो छातीत जाणवतो, तो मात्र यातून येत नाही. तो यावा म्हणून नॉब फिरवत गेलं की डबाच खडखडू लागतो.

डिकीतल्या 12 इंची वूफरला ते जमतं. बंद बॉक्स सुमारे 30 लिटरचा, तर पोर्टवाला (हवेसाठी नळीसारखं भोक असलेला) 50 ते 60 लिटरचा लागतो. पोर्टवाला जास्त मोठा वाजतो. पण पोर्टच्या वारंवारतेखाली कोनला हवेचा आधार राहत नाही, म्हणून अॅम्पवर 25-30 हर्ट्झचा सबसॉनिक फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारी सोय) चालू नसेल तर कॉइलचं, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचं, वाटोळं होतं. छोट्या गाडीत बंद केबिनच खालचा बेस उचलून धरते, त्यामुळे हॅचबॅकमध्ये आमचं मत स्पष्टपणे बंद बॉक्सच्या बाजूने आहे. त्यातला ठोका आटोपशीर येतो आणि सेटिंगची चूकही तो सांभाळून घेतो. दुकानात दिसणाऱ्या गोल बेस ट्यूब मात्र टाळा. त्यांतल्या बहुतेक एकाच सुरावर घुमतात.

जागेचा हिशेब बहुतेकांचा निर्णय इथेच करून टाकतो. स्विफ्टची डिकी सुमारे 265 लिटरची आहे. बॉक्स आणि अॅम्प ठेवल्यावर एक मोठी बॅग कशीबशी बसते. शिवाय स्टेपनी बॉक्सच्या खाली जाते. घाटात टायर पंक्चर झाला तर आधी 20 किलोचा बॉक्स उतरवावा लागेल, म्हणून त्याच्या वायरला सहज निघणारा कपलर लावून घ्या. बॉक्स पट्ट्याने बांधलेलाही हवा, कारण जोराचा ब्रेक लागला की तो मागच्या सीटवर आदळतो. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर हा पर्याय जवळजवळ संपलाच.

सीटखालीही सगळं सोपं नसतं. सीट सर्वांत खाली आणि पूर्ण मागे घेऊन उंची मोजा. काही माईल्ड हायब्रिड गाड्यांत पुढच्या सीटखाली लिथियम बॅटरी असते, तिथे सबवूफरला जागाच नाही. सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, इग्निशन चालू असताना त्यांना हात लावू नका. पावसात ओले बूट घेऊन मागे बसणाऱ्यांचं पाणी कार्पेटवरून पुढे येतं, त्यामुळे डबा थोडा उचलून बसवा.

वायरिंगमध्ये सीटखालचा पर्याय स्वस्त पडतो, पण इथेच सर्वांत जास्त लबाडी होते. 125 वॉटचा सबवूफर 12-15 अँपिअर ओढतो. स्टिरिओच्या किंवा चार्जिंग सॉकेटच्या वायरवरून ती जोडणी केली तर फ्यूज उडतो किंवा वायर तापते. वायर थेट बॅटरीवरूनच आणा. डिकीतल्या 300 वॉट आरएमएसच्या क्लास-डी अॅम्पला सुमारे 27 अँपिअर लागतात. त्यासाठी 8 गेजची शुद्ध तांब्याची वायर घ्या आणि बॅटरीपासून 45 सेंटीमीटरच्या आत 30 अँपिअरचा फ्यूज बसवा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम वायर तेवढ्याच जाडीत तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांशच प्रवाह नीट नेते. ब्लेडने एक तार खरवडून बघा, आत पांढरी दिसली तर परत द्या. अर्थिंगची वायर आखूड ठेवा आणि रंग घासून उघड्या पत्र्यावर आवळा. इंजिनचा वेग वाढवल्यावर स्पीकरमधली शिट्टीही चढत असेल तर नव्वद टक्के वेळा दोष तिथेच सापडतो. कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवणार असाल तर अॅम्पला हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरवरूनच सिग्नल घेण्याची सोय) हवा. जोडणी कपलरने करून घ्या. मूळ वायर कापली की वॉरंटीच्या वादाला तोंड फुटतं.

खर्चाचं म्हणाल तर सीटखालचा चांगला सबवूफर वायरिंगसकट साधारण 12 ते 20 हजारांत होतो. डिकीतला वूफर, बॉक्स, अॅम्प आणि तांब्याची वायर मिळून 20 ते 35 हजार धरा. एकूण 25 हजारच असतील तर दारं, पुढचे स्पीकर आणि सीटखालचा सबवूफर एवढंच घ्या. मागच्या दारांवर खर्च करू नका.

बसवून झाल्यावर गेन (अॅम्प सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारा नॉब) दुकानदाराच्या कानावर सोडू नका. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर, इक्वलायझर सपाट आणि बेस बूस्ट शून्यावर ठेवा. वूफरची वायर काढून 50 हर्ट्झचा टोन वाजवा आणि अॅम्पच्या टोकांना मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. 4 ओहमला 300 वॉट हवे असतील तर आकडा 34.6 व्होल्टला थांबला पाहिजे, 2 ओहमला 24.5. लो-पास (ठरलेल्या आकड्याखालचेच सूर वूफरकडे सोडणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर ठेवा. स्टिरिओत सोय असेल तर दारांचा हाय-पासही (वरचेच सूर सोडणारा फिल्टर) 80 वर आणा. शेवटी ओळखीचं गाणं लावून फेजची कळ (वूफर दारातल्या स्पीकरच्या तालात हलेल की उलट, ते ठरवणारी) 0 आणि 180 वर आलटून पालटून बघा. ज्या बाजूला ठोका मागून न येता समोरच्या काचेजवळून आल्यासारखा वाटेल, तिथे ती ठेवा.