४५,४०० रुपये गेले: गेम बॉयच्या ‘ओरिजिनल’ कॅसेटी घेण्याआधी हे वाचा

गेम बॉय ॲडव्हान्सच्या (निन्टेन्डोचा जुना, हातात धरून खेळायचा कन्सोल) पाच पोकेमॉन कॅसेटी, प्रत्येकी ४,००० प्रमाणे २०,०००. एक गेम बॉय ॲडव्हान्स एसपी (त्याच कन्सोलचा घडीचा प्रकार), मॉडेल एजीएस-१०१, १३,५००. एक जपानी फॅमिकॉम (निन्टेन्डोचा टीव्हीला जोडायचा जुना कन्सोल) खोक्यासकट, ११,०००. कुरियर ९००. एकूण ४५,४०० रुपये. दोन यूपीआय व्यवहार: आधी २०,०००, पार्सल निघण्याआधी २५,४००. यातलं अस्सल काय निघालं, तर फॅमिकॉमचं वरचं कवच आणि पुठ्ठ्याचं खोकं.

‘परदेशी चाललोय, कलेक्शन काढून टाकतोय’ हे विक्रेत्यांचं पालुपद सगळ्यांना पाठ आहे, ते परत सांगत नाही. पण इथे माल आला. रिकामं खोकं नाही, साबणाची वडी नाही. माल आला आणि चालूही झाला. म्हणूनच ही फसवणूक जास्त नीच आहे, कारण चालू असलेली वस्तू नकली आहे हे कोणाला पटवून देता येत नाही.

संताप येतो तो एका मेसेजचा. पैसे जाण्याआधीचा, विक्रेत्याचा स्वतःचा मेसेज: ‘पाचही कॅसेटच्या बॅटऱ्या नवीन टाकल्यात, सेव्ह जाणार नाही.’ सेव्ह म्हणजे खेळ कुठवर आणला ते कॅसेटीत साठवलेलं. पाच कॅसेटी म्हणजे रुबी, सफायर, एमराल्ड, फायररेड आणि लीफग्रीन. फायररेड आणि लीफग्रीनच्या अस्सल कॅसेटीत बॅटरी नसतेच. उरलेल्या तिघींत सीआर१६१६ ही नाण्यासारखी बॅटरी असते, पण ती फक्त घड्याळासाठी. सेव्ह राहतो फ्लॅश चिपमध्ये, बॅटरी मेली तरी तो जात नाही. सेव्हसाठी बॅटरी लागते ती नकली कॅसेटीला, कारण तिच्यात स्वस्त एसरॅम, म्हणजे वीज गेली की पुसली जाणारी मेमरी, घातलेली असते. म्हणजे त्या एका वाक्यात त्या माणसाने पाचही कॅसेटी बनावट असल्याचं लिहून दिलं होतं. तळपायाची आग मस्तकात जाते ते वाक्य परत वाचलं की.

पण ज्यांच्याकडे जुना माल आहे त्यांना विचारा. गेम बॉय कलरच्या गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टलमध्ये सेव्ह खरोखरच बॅटरीवर असतो, सीआर२०२५ वर. ती संपली की सगळं पुसलं जातं. त्यामुळे ‘बॅटरी बदलली’ हे शब्द ऐकले की विक्रेता जाणकार आणि काळजी घेणारा वाटतो. शिवाय फोटो अस्सल कॅसेटींचे होते. लेबलांवर उजवीकडे दाबून उठवलेले दोन आकडे तिरप्या उजेडात स्वच्छ दिसत होते. पार्सलमधल्या एकाही लेबलावर ते नव्हते. फोटो एका मालाचे, पाठवला दुसराच. यात घेणाऱ्याचा निष्काळजीपणा काढणाऱ्यांनी असे फोटो समोर आल्यावर आपण काय केलं असतं ते आधी सांगावं.

फोटो मागायचे तर असे मागा. कॅसेट उघडलेली, शेजारी कागदावर त्या दिवसाची तारीख आणि तुमचं नाव, सगळं एकाच फोटोत. मागे एकच स्क्रू असतो, तीन पात्यांचा, ट्राय-विंग. तो पेचकस शंभर-दीडशे रुपयांत ऑनलाइन मिळतो. ‘उघडली तर किंमत जाते’ असं कोणी म्हणालं की बोलणं तिथेच थांबवा.

उघडल्यावर बघायचं ते हे. या गेमच्या अस्सल बोर्डावर पायांच्या, वर अक्षरं छापलेल्या चौकोनी चिपा असतात. नकलीत बहुतेक वेळा काळ्या डांबरासारखा गोल थेंब दिसतो. न उघडताही एक गोष्ट तपासता येते: खालच्या फटीत टॉर्च मारा. सोनेरी पिनांच्या वर बोर्डावर बारीक ‘निन्टेन्डो’ छापलेलं असतं. आमच्या पाचांतल्या चारांवर काहीच नव्हतं, पाचवीवर अक्षरं होती पण जाड आणि वाकडी. रुबी, सफायर, एमराल्डचं प्लास्टिक रंगीत पण पारदर्शक असतं, आतला बोर्ड बाहेरूनच दिसतो. अमेरिकन एमराल्डच्या लेबलावर एजीबी-बीपीईई-यूएसए हा कोड हवा, फायररेडवर एजीबी-बीपीआरई-यूएसए. कोड बरोबर असला म्हणून कॅसेट अस्सल ठरत नाही, तो कोणीही छापतो. चुकला असेल तर मात्र पुढे बघायचीही गरज नाही.

आणि एमराल्ड सुरू करताना अंतर्गत बॅटरी संपल्याचा संदेश आला तर घाबरू नका. ती कॅसेट २००५ च्या आसपासची आहे, बॅटरी मरणारच. पण तो संदेश अस्सलपणाचा पुरावाही धरू नका, घड्याळाची चिप नसलेल्या नकलीवरही तो येतो. याउलट ‘वन एम सब-सर्किट बोर्ड’ बसवलेला नाही असा संदेश आला तर पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा बघा. परत आला तर कॅसेट नकली समजा. जुना डीएस किंवा डीएस लाइट (निन्टेन्डोचा नंतरचा हातातला कन्सोल) आणि त्यावरचा पोकेमॉन डायमंड किंवा पर्ल हाताशी असेल तर खालच्या खाचेत ही कॅसेट घालून बघा. अस्सल असेल तर डीएसच्या गेमच्या सुरुवातीच्या यादीत तिथून पोकेमॉन आणण्याचा पर्याय दिसतो. अनेक नकलींवर तो येतच नाही. मात्र त्यासाठी दोन्ही कॅसेटींची भाषा एकच हवी.

आता एसपी. एजीएस-००१ मॉडेलमध्ये पडद्याला समोरून उजेड असतो, १०१ मध्ये मागून, आणि सगळी किंमत त्या फरकाची. मागचं १०१ चं स्टिकर सुट्टं मिळतं, त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. पडद्याखालचं दिव्याचं बटण दाबा. ००१ वर उजेड पूर्ण बंद होतो. १०१ वर तो कमी-जास्त होतो, बंद कधीच होत नाही. आमच्याकडे आलेल्यावर बंद झाला. विक्रेत्याच्या दीड मिनिटांच्या व्हिडिओत ते बटण एकदाही दाबलेलं नाही. व्हिडिओ मागताना हेच बटण दोनदा दाबायला सांगा.

फॅमिकॉमचं थोडक्यात. कवच एचव्हीसी-००१ चं (फॅमिकॉमचा मॉडेल नंबर) खरं, आत आपल्याकडच्या नव्वदीतल्या टीव्ही गेमसारखाच एका थेंबाचा बोर्ड. अस्सल बोर्डावर रिको कंपनीच्या दोन मोठ्या चिपा दिसल्या पाहिजेत, आरपी२ए०३ आणि आरपी२सी०२. यूए६५२७ आणि यूए६५३८ दिसल्या तर तो क्लोन, म्हणजे नक्कल. आणखी एक, पैशांहून महत्त्वाचं: खऱ्या फॅमिकॉमचा जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावलात तर जळणार. बाहेर येणारा पुरवठा १० व्होल्ट डीसी, ८५० मिलीअँपिअर, आणि मधली पिन ऋण. स्थानिक अडॅप्टर लावण्याआधी मल्टिमीटरने ध्रुव तपासा. सोबत आलेल्या अडॅप्टरची मधली पिन धन होती. आत खरा बोर्ड असता तर त्याने तोही मारला असता.

तक्रारीचं काय झालं तेही वाचा. बँकेचं उत्तर दोन ओळींचं: व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय. जिथे जाहिरात होती त्या ॲपचं उत्तर तयार साच्यातलं: आम्ही फक्त मध्यस्थ, आणि पैसे ॲपबाहेर दिलेत. पोलीस ठाण्यात सहा पानांची तुलना, अस्सल आणि नकली बोर्डांचे शेजारी शेजारी फोटो, त्या मेसेजचा स्क्रीनशॉट, सगळं टेबलावर ठेवलं. प्रश्न आला, ‘गेम चालतोय ना? मग फसवणूक कसली?’ पुढचा प्रश्न, ‘खेळण्यांवर पंचेचाळीस हजार?’ सोन्याच्या भावाने पितळ विकलं तर ‘बांगडी हातात बसते ना’ असं विचारतात का? छंदाची वस्तू असली की ते पैसे नसतात का? मग ही दिवाणी बाब आहे, मग विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, तिकडे जा. अर्जावर शिक्का मारून घ्यायलाही वाद घालावा लागला.

दिवाणी बाब कशी? खोटं सांगून पैसे काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली दखलपात्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. हद्द आपली नसली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकण्याला ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. ही कलमं घरूनच लिहून न्या, तिथे कोणी आपणहून सांगणार नाही. अर्ज द्या, शिक्का घ्या, ऐकलं नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, कारण समोरच्या खात्यात रक्कम असेपर्यंतच ती गोठवता येते. आमच्या प्रकरणात पार्सल येईपर्यंत खातं रिकामं झालं होतं. विक्रेता सतत माल विकत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. त्यासाठी त्याच्या इतर जाहिरातींचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, तक्रार झाली की त्या गायब होतात.

जाहिरात पुन्हा लागली आहे. फोटो तेच, नाव वेगळं, भाव ४८,०००. एमराल्डच्या लेबलाचा डावा खालचा कोपरा उचकटलेला, निळ्या एसपीच्या बिजागरीजवळ आडवा ओरखडा, आणि फॅमिकॉमच्या खोक्यावर वरच्या झाकणाला पिवळट टेपची पट्टी. हे तिन्ही एकत्र दिसले तर पैसे पाठवू नका.