पोर्क आणि पीचसाठी २२ इंची वेबर केटल: कुठे उत्तम, कुठे कमी

जॉर्जिया आणि साऊथ कॅरोलायनात मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत पीच येतात. त्यांच्या जोडीला धुरावर शिजवलेलं पोर्क करायचं असेल, तर २२ इंची केटल, म्हणजे झाकणाची गोल शेगडी, पुरेशी आहे. वेबरच्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली धातूचा गोळा मधोमध कापून ही कोळशाची शेगडी बनवली. तिची खरी ताकद झाकणात आणि झडपांमध्ये आहे. त्यांच्यामुळेच तीच शेगडी सकाळी मंद भट्टी होते आणि संध्याकाळी जोरदार आच देते.

मांस घ्यायचं ते बोस्टन बट, म्हणजे खांद्याचा वरचा भाग, सव्वादोन किलोच्या आसपास. किलोला १५ ग्रॅम मीठ आदल्या रात्री चोळून ठेवा. पाठीचं मांस (लॉइन) घेऊ नका; त्यात चरबी कमी असल्याने इतक्या वेळात ते कोरडं पडतं.

ब्रिकेट्स (दाबून बनवलेले कोळशाचे ठोकळे) कडेने दोन-दोनच्या जोडीत, दोन थरांत रचा आणि घेराचा पाऊण भाग भरा. एका टोकाला आठ-दहा पेटलेले निखारे ठेवले की रांग हळूहळू जळत जाते. पहिल्या अर्ध्या भागावरच हिकरीच्या लाकडाचे तीन-चार तुकडे ठेवा. मध्ये पाण्याची थाळी, वर मांस. झाकणाची झडप निखाऱ्यांच्या विरुद्ध बाजूला हवी, म्हणजे धूर मांसावरून जातो. खालची झडप पाव उघडी ठेवून सुरुवात करा आणि आच ११० ते १२० अंश सेल्सिअसवर धरा.

इथे केटलचं पहिलं उणं दिसतं. झाकणावरचा थर्मामीटर झाकणापाशी असलेल्या हवेचं तापमान सांगतो, जाळीवरचं नाही. फरक सहज १०-२० अंशांचा पडतो. जाळीवर लावायचा वेगळा प्रोब (तापमान मोजणारी सळई) घ्याच. दुसरं म्हणजे राख. काही तासांनी ती खालच्या झडपेत साचते आणि आच उतरते. तेव्हा त्या झडपेचा दांडा हलक्या हाताने एकदाच फिरवा. जोरात फिरवलात तर रचलेली रांग मोडते.

मांस आतून ६५-७० अंशांवर आलं की तापमान तासन्‌तास हलत नाही. पृष्ठभागावरचं पाणी उडताना मांस थंड होत राहतं, म्हणून हे घडतं. घाबरून झडपा उघडू नका. बाहेरची काळसर साल घट्ट झाली की फॉइलमध्ये गुंडाळा आणि ९५ अंशांवर काढा. प्रोब लोण्यासारखा आत जायला हवा. एकूण आठ-दहा तास धरा.

फळ शेवटी. बहुतेक वेळा पोर्क बिघडतं ते इथेच: गोड सॉस सुरुवातीपासून लावला की साखर जळते आणि वरचा थर कडू होतो. साडेचारशे ग्रॅम पिकलेले पीच, १२० मिली सायडर व्हिनेगर, दोन मोठे चमचे मोहरीचा सॉस, दोन चमचे ब्राऊन शुगर आणि चिमूटभर लाल तिखट वीस मिनिटं आटवा. मांस फॉइलमधून काढून त्याचे तंतू सोडवल्यावरच हा सॉस त्यात कालवा. अमेरिकेत डब्यातला हापूसचा रस वापरणार असाल, तर तो बहुधा साखर घातलेला असतो; ब्राऊन शुगर वगळा, व्हिनेगर थोडं वाढवा.

मांस तासभर मुरत असताना अर्धी चिमणी (कोळसा पेटवायचं धातूचं नळकांडं) भरून नवे निखारे पेटवा. उरलेल्या रांगेची आच पीचला पुरत नाही. फळ पिकलेलं पण घट्ट हवं, आणि बी सहज सुटणाऱ्या जातीचं. हंगामाच्या सुरुवातीचे पीच बीला चिकटून असतात, अर्ध्या फोडी नीट निघत नाहीत. कापलेल्या बाजूला तेल लावून ती तापलेल्या जाळीवर पालथी ठेवा आणि तीन-चार मिनिटं अजिबात हलवू नका. साखरेचा थर धरण्याआधी उचललंत तर गर जाळीलाच राहतो.

जाळीचं क्षेत्रफळ ३६३ चौरस इंच. दहा-बारा माणसांना ते पुरतं. पंचवीस जणांचा बेत असेल किंवा आचेकडे बघायला कुणी घरी नसेल, तर ही शेगडी घेऊ नका.